अमेरिकी कायद्यातील वंशभेद : निकालपत्रे कशी वाचावीत

पुण्यातून पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण केलेली एक विद्यार्थिनी एलएल.एम.साठी अमेरिकेला निघाली आहे आणि तेथे तिने ‘वंश, वंशभेद आणि कायदा’ हा ऐच्छिक विषय निवडला आहे. घरच्यांचे आणि परिचयातल्या एका ज्येष्ठ वकिलांचे म्हणणे असे, की हा विषय कायद्यापेक्षा राजकारणाचा अधिक आहे आणि परत येऊन वकिली करायची तर त्याचा उपयोग नाही. या विषयाची तयारी कशी करावी, देश आपला नसताना वर्गात किती बोलावे आणि महाराष्ट्रात परतल्यावर यातले काय कामी येईल, असे तिने विचारले आहे.

मी आधी मुंबईत वकिली केली आणि नंतर अमेरिकेत हा विषय शिकवला, त्या अनुभवावरून उत्तर देतो. तुम्ही विषय योग्य निवडला आहे. मात्र तो अन्यायाच्या कहाण्यांचा संग्रह म्हणून वाचलात तर वर्षअखेरीस तुमच्याकडे संताप उरेल, कायदा हाती लागणार नाही. तो पुराव्याचा विषय म्हणून वाचा. प्रत्येक निकालपत्रापाशी स्वतःला विचारा : भेदभाव झाला हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयाने कोणावर टाकला, कोणत्या प्रकारचा पुरावा पुरेसा मानला, आणि समोर ठेवलेली कोणती गोष्ट पाहण्याचे नाकारले? दोनशे वर्षांत कायद्याची भाषा पुष्कळ बदलली, परंतु वंशभेद टिकला किंवा हटला तो बहुतेक वेळा याच तीन जागी.

सुरुवात लॉ स्कूलपासूनच करता येईल, कारण शाळांमधील वंशविभाजन मोडण्याची लढाई आधी विधी महाविद्यालयांच्या दारात लढली गेली. हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी वकिलांची जी पिढी घडवली, तिच्यात पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झालेले थर्गुड मार्शल होते. ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व सर्वांत आधी लॉ स्कूलमध्येच कोसळेल, असा त्यांचा हिशेब होता, कारण चांगले लॉ स्कूल कशाने बनते हे न्यायमूर्तींना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ह्यूस्टन शहरात टपाल वाटणारे हीमन स्वेट यांनी १९४६ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश मागितला. तो कृष्णवर्णीय म्हणून नाकारला गेला आणि मग राज्याने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे लॉ स्कूल उभे केले. १९५० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ग्रंथालयातील पुस्तके आणि प्राध्यापकांची संख्या मोजली, पण तेवढ्यावर ते थांबले नाही. या वेगळ्या लॉ स्कूलमधून ज्या वंशांचे विद्यार्थी वगळले आहेत ते राज्याच्या लोकसंख्येच्या ८५ टक्के आहेत आणि उद्याचे बहुतेक वकील, साक्षीदार, ज्युरी व न्यायाधीश त्यांच्यातलेच असणार आहेत, मग हे शिक्षण समान कसे, असा प्रश्न न्यायालयाने उभा केला. मोजता न येणाऱ्या गोष्टी पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या गेल्या आणि चारच वर्षांनी शाळांमधील वंशविभाजन घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राउन’ खटल्याचा निकाल त्याच पायावर उभा राहिला. ‘ब्राउन’ सर्वजण वाचतात. तुम्ही ‘स्वेट’ आधी वाचा.

यानंतर मी विद्यार्थ्यांना जोडीने वाचायला देतो ते दोन निकाल भारतीय विद्यार्थ्याने टाळूच नयेत. १७९० च्या कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व मिळवण्याची मुभा फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना दिली होती, यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मधल्यांचे काय, हा प्रश्न न्यायालयांवर सोपवला गेला. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. त्यांची कातडी अनेक युरोपीयांइतकीच गोरी आहे आणि त्यांचे आचारविचार पूर्ण अमेरिकी आहेत, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. रंग महत्त्वाचा नसून ‘कॉकेशियन’ वंश हा निकष आहे, असे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले. फेब्रुवारी १९२३ मध्ये, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांनी, भगतसिंग थिंड यांचे प्रकरण आले. अमृतसर जिल्ह्यातले थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांचे म्हणणे सरळ होते : त्या काळचे मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन मानते, आणि कॉकेशियन हाच निकष असल्याचे आपण नुकतेच सांगितले आहे. त्याच सदरलँड यांनी एकमताच्या निकालात लिहिले, की शास्त्र काय म्हणते हे महत्त्वाचे नाही. सामान्य माणूस ‘गोरा’ कोणाला समजतो ते पाहायचे.

हे दोन निकाल एकाच बैठकीत, पेन्सिल हातात घेऊन वाचा. पहिल्यात शास्त्राचा निकष लावला कारण त्याने अर्जदार बाहेर राहत होता. दुसऱ्यात शास्त्र बाजूला सारले कारण त्याने अर्जदार आत येत होता. वर्गात ‘न्यायालय पक्षपाती होते’ एवढे म्हणून भागत नाही. पुराव्याचा निकष कोणत्या परिच्छेदात बदलला आणि त्या बदलाचे कारण म्हणून काय लिहिले गेले, हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

थिंड यांच्या कैफियतीकडे आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावे. खालच्या अपिली न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाकडे प्रश्न पाठवला होता तो ‘उच्च जातीचा, शुद्ध भारतीय रक्ताचा हिंदू’ गोरा ठरतो का, असा. थिंड स्वतः शीख होते, तरी अमेरिकी कागदपत्रांत ते ‘हिंदू’च राहिले. त्यांच्या बाजूने असे मांडले गेले, की विवाहसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय माणूस भारतातल्या मूलनिवासी लोकांकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने गोरा अमेरिकन कृष्णवर्णीयाकडे पाहतो. नागरिकत्व मिळवण्यासाठी जातीची शुद्धता हा पुरावा म्हणून दाखल झाला होता. निकालातील अन्याय सांगताना हे पान वगळणारे पुष्कळ भारतीय मी पाहिले आहेत. ते वगळू नका. ज्यांच्यावर भेदभाव झाला त्यांनी त्यातून सुटण्यासाठी दुसऱ्याच्या खांद्यावर पाय कसा दिला, हेही या विषयाचेच अंग आहे.

या निकालाचे परिणाम केवळ एका अर्जापुरते नव्हते. आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्याचे खटले सरकारने सुरू केले. कॅलिफोर्नियात नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमीन घेण्यास बंदी होती, त्यामुळे नागरिकत्वाबरोबर जमिनीचा हक्कही जाणार होता. थिंड यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही पाळी आली. त्यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते आणि त्या जोरावर ते कॅलिफोर्नियात वकिली करत होते. पंडितांनी स्वतःचा खटला लढताना ‘गोरा कोण’ हा प्रश्न पुन्हा उकरला नाही. एका सक्षम न्यायालयाने सरकारला ऐकण्याची संधी देऊन जो निर्णय दिला, तो इतक्या वर्षांनी आणि माणसाने त्यावर विसंबून सारे आयुष्य उभारल्यानंतर उलटवता येतो का, हा त्यांचा मुद्दा होता. १९२६ मध्ये अपिली न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११ पाठ करताना ज्यांना कंटाळा आला असेल, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. तत्त्वाच्या लढाईत हरलेला वकील, एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा उकरता येत नाही, या पूर्वन्यायाच्या नियमावर जिंकला. वकिलीच्या दृष्टीने मला ते अतिशय मोलाचे वाटते.

हा विषय संविधानाच्या तासापुरता नाही, हे त्यावरून लक्षात येईल. मालमत्ता कायद्याच्या पुस्तकात १९४८ चा ‘शेली’ खटला भेटतो. घर कृष्णवर्णीयांना विकायचे नाही, अशी अट गोऱ्या शेजाऱ्यांनी करारानेच घातलेली होती. करार खासगी असला तरी तो अमलात आणण्यासाठी न्यायालयाने हुकूम दिला की ती राज्याची कृती ठरते आणि संविधानातील समानतेची हमी तिला लागू होते, असे तेथे ठरले. नुकसानभरपाईच्या कायद्यात तर वंशभेद आकडेमोडीत लपून बसतो. अपघातग्रस्त माणूस आणखी किती जगला असता, किती शिकला आणि कमावला असता, हे काढताना तेथे तज्ज्ञ वंशनिहाय तक्ते वापरत आले. २०१५ मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल न्यायालयात रंगातल्या शिशामुळे बाधा झालेल्या एका मुलाचे प्रकरण होते. मूल हिस्पॅनिक असल्याने ते उच्च शिक्षण घेण्याची शक्यता कमी, असा हिशेब बचाव पक्षाला मांडायचा होता. न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी तो पुरावा येऊ दिला नाही. आधीचा भेदभाव गणितात घालून पुढच्या भरपाईतून वजा करायचा, अशी ती रीत होती. आपल्याकडे मोटार अपघात दाव्यात गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न किती धरावे यावर जो वाद होतो, तो ज्यांनी चालवला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आता ज्या निकालावर मी सर्वाधिक वेळ घालवतो त्याकडे येतो. १९८७ चा ‘मॅक्लेस्की विरुद्ध केम्प’. जॉर्जियात दरोड्याच्या वेळी एका गोऱ्या पोलिस अधिकाऱ्याची हत्या झाली आणि वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीय आरोपीला फाशीची शिक्षा झाली. बचाव पक्षाने डेव्हिड बाल्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास पुढे ठेवला. १९७० च्या दशकातील जॉर्जियातल्या दोन हजारांहून अधिक खुनांच्या प्रकरणांचा तो अभ्यास होता. मृत व्यक्ती गोरी असेल तर आरोपीला फाशी होण्याची शक्यता, वंशाशी संबंध नसलेले इतर घटक हिशेबात घेऊनही, ४.३ पट असल्याचे त्यात दिसले. सर्वोच्च न्यायालयाने काय केले ते नीट पाहा. अभ्यास खोटा आहे, असे ते म्हणाले नाही. तो सांख्यिकीदृष्ट्या बरोबर आहे असे गृहीत धरून निकाल दिला. न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी पाच विरुद्ध चार मतांच्या निकालात लिहिले, की या आरोपीच्या, या खटल्यात, निर्णय घेणाऱ्यांच्या मनात वंशद्वेषाचा हेतू होता हे दाखवले पाहिजे. एकूण चित्र पुरेसे नाही.

हेतूची ही अट १९७६ च्या ‘वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस’ या पोलिसभरतीच्या खटल्यापासून अमेरिकी संविधानातील समान संरक्षणाच्या कलमात पक्की बसली आहे. पण ‘मॅक्लेस्की’मध्ये खरी मेख आणखी आत आहे. ज्युरींच्या यादीची निवड आणि नोकरीतील भेदभाव या दोन क्षेत्रांत आपण आकडेवारीवरून हेतूचा निष्कर्ष काढू देतो, हे न्यायालय त्याच निकालपत्रात मान्य करते. मग फाशीच्या बाबतीत का नाही? न्यायालयाने दिलेली कारणे अशी : निर्णय घेणाऱ्या ज्युरी प्रत्येक खटल्यात वेगळ्या असतात, ज्युरींना साक्षीला बोलावून कारण विचारता येत नाही, आणि फौजदारी न्यायव्यवस्थेत स्वेच्छाधिकार अपरिहार्य आहे. शिवाय हा युक्तिवाद मानला तर तो इतर शिक्षांनाही लागू होईल, ही भीती. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मतात त्याला ‘फार जास्त न्याय होण्याची भीती’ म्हटले. मॅक्लेस्की यांना १९९१ मध्ये देहदंड दिला गेला. निवृत्तीनंतर पॉवेल यांनी आपल्या चरित्रकाराला सांगितले, की एखादे मत बदलता आले असते तर ते या खटल्यातले बदलले असते. या निकालावर टीका करायला हरकत नाही, परंतु ती बहुमताने दिलेल्या प्रत्येक कारणाला सामोरे जाऊन करा. प्राध्यापक गुण त्यालाच देतात, आणि न्यायालयात उभे राहिल्यावर प्रतिपक्षही तेच विचारतो.

हेतू सिद्ध करायचा तर कागद कोठून आणायचा, याचे उत्तर ‘फॉस्टर’ खटल्यात आहे. कृष्णवर्णीय ज्युरींना वंशामुळे वगळता येणार नाही, असे १९८६ च्या ‘बॅट्सन’ निकालाने सांगितले, पण सरकारी वकिलाने दुसरे कोणतेही बरे कारण दिले की ते सहज चालून जाई. १९८७ मध्ये जॉर्जियात टिमथी फॉस्टर यांना पूर्ण गोऱ्या ज्युरींनी दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. अनेक वर्षांनी राज्याच्या खुल्या अभिलेख कायद्याखाली सरकारी वकिलांची फाईल मिळाली. तिच्यातील ज्युरींच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावे हिरव्या रंगाने ठळक केलेली होती आणि त्यांच्यापुढे इंग्रजी ‘बी’ अक्षर लिहिलेले होते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी शिक्षा टिकू दिली नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज नीट लिहिता येणे हे भेदभावाच्या दाव्यात किती मोठे हत्यार आहे, ते येथे दिसते.

जुनी निकालपत्रे संपूर्ण वाचण्याबद्दल माझा आग्रह आहे, कारण केसबुकमध्ये ती कापून छापलेली असतात. ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करणाऱ्या ‘प्लेसी’ खटल्यातील न्यायमूर्ती हार्लन यांचे १८९६ चे विरोधी मत सर्वांना ठाऊक आहे : आपले संविधान रंग पाहत नाही. त्याच मतात, त्याच वाक्याच्या आधी, गोरा वंश या देशात वरचढ आहे आणि तसाच राहील असेही आहे. पुढे चिनी लोकांबद्दल, ज्यांना आपण नागरिक होऊ देत नाही इतका हा वेगळा वंश, असा उल्लेख आहे. २०२३ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशप्रक्रियेतील वंशाचा विचार सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तेव्हा न्यायमूर्ती थॉमस यांच्या सहमत मतात हार्लन आधाराला आले, आणि ‘ब्राउन’चा वारसा तर दोन्ही बाजूंनी आपलाच म्हणून सांगितला. मूळ मजकूर पुरा वाचलेला असला तरच अशा दाव्यांची पारख करता येते.

सिद्धान्तांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर तेथे भरपूर शिकवतील. कायद्याचे प्राध्यापक डेरिक बेल यांनी ‘ब्राउन’बद्दल मांडलेला विचार, की कृष्णवर्णीयांचे हित गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या हिताशी जुळते तेव्हाच ते पदरात पडते, हा खटल्याच्या काळाशी ताडून पाहण्याजोगा आहे. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांचे १९८९ चे लेखन तर खटल्यांतूनच उभे राहिले. त्यांतल्या एकात जनरल मोटर्सच्या पाच कृष्णवर्णीय महिला कामगारांनी १९७० च्या दशकात दावा केला होता. कंपनी कृष्णवर्णीय पुरुषांना घेते आणि गोऱ्या स्त्रियांनाही घेते, तेव्हा भेदभाव कोठे आहे, असे म्हणत न्यायालयाने वंश आणि लिंग एकत्र धरण्यास नकार दिला. सिद्धान्त आधी आणि खटला नंतर, असा क्रम ठेवलात तर त्यातली धार जाते.

वर्गात किती बोलावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. निकालपत्रावर निःसंकोच बोला. ते छापलेले आहे आणि वाचलेल्या प्रत्येकाचा त्यावर अधिकार आहे. वर्गातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मात्र ‘तुमचा अनुभव काय’ असे विचारून पुराव्याचे साधन बनवू नका. ते तुमच्यासारखेच कायदा शिकायला आलेले असतात आणि प्रत्येक तासाला आपल्या समाजाची साक्ष देणे हे त्यांचे काम नाही. जातीचा विषय निघाला, आणि तो निघेलच, तर ‘आमच्याकडे जात म्हणजे तुमचा वंश’ असे सरधोपट समीकरण मांडू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली. दोन्ही स्थितींत साम्य त्यांना दिसत होते, पण त्यांनी घटनेत जो उपाय घातला, म्हणजे अस्पृश्यता नष्ट करणारे आणि तिचे पालन गुन्हा ठरवणारे कलम १७, तो राज्यापुरता मर्यादित नाही, तर खासगी व्यक्तीलाही लागू आहे. अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती फक्त राज्याच्या कृतीला बांधते. हा फरक मांडलात तर वर्गाला काही नवे मिळेल. आणि तुम्ही सवर्ण घरातून जात असाल, तर तेथे रंगामुळे वाट्याला येणारी वागणूक आणि येथे जातीमुळे मिळालेली सोय या दोन्हींची नोंद स्वतःशी ठेवा.

तुमच्या परिचयातील ज्येष्ठ वकिलांसाठी उत्तर अगदी व्यावहारिक आहे. २०२१ मध्ये लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीच्या ‘नितीशा’ प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभावाचे तत्त्व स्वीकारताना अमेरिकेतील नोकरीतील भेदभावाच्या कायद्याखालील १९७१ च्या ‘ग्रिग्ज’ निकालाची चर्चा केली. वरवर सर्वांना सारखा दिसणारा निकष एका गटालाच बाहेर काढत असेल आणि कामाशी त्याचा संबंध नसेल, तर हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, हे ‘ग्रिग्ज’चे सूत्र. त्याच वर्षी ‘पाटण जमाल वली’ प्रकरणात, अनुसूचित जातीच्या अंध महिलेवरील अत्याचाराचा विचार करताना, जात, लिंग आणि अपंगत्व यांचा एकत्रित परिणाम न्यायालयाने पाहिला. २०२४ मध्ये ‘सुकन्या शांता’ प्रकरणात तुरुंग नियमावलीतील जातीनुसार कामवाटप रद्द झाले आणि विमुक्त जमातींना जन्माने सराईत समजणाऱ्या तरतुदींवर बोट ठेवले गेले. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला. या जमातींना कोंडून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपणही गेले, पण चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जीप जाते हे महाराष्ट्रातील कोणत्याही फौजदारी वकिलाला ठाऊक आहे. ते न्यायालयात सिद्ध करायचे म्हणजे ‘मॅक्लेस्की’चाच प्रश्न पुन्हा उभा राहतो : हजार अटकांचे चित्र दाखवायचे की या एका अटकेमागचा हेतू? दोन्ही रस्ते कोठे अडतात हे आधी माहीत असलेला वकील अर्ज वेगळा लिहितो. कोणत्या पोलिस ठाण्याची स्टेशन डायरी मागवायची, किती वर्षांच्या अटकांची नोंद माहितीच्या अधिकारात मागायची, तुलनेसाठी दुसरा गट कोणता घ्यायचा, हे त्याला सुचते.

निघण्यापूर्वी हातात जो वेळ आहे त्यात ओझावा, थिंड, स्वेट, ग्रिग्ज, डेव्हिस आणि मॅक्लेस्की ही सहा निकालपत्रे याच क्रमाने, विरोधी मते असतील तेथे त्यांच्यासह, वाचून काढा. प्रत्येकाचे टिपण मराठीत केलेत तरी चालेल, पण त्यात भार कोणावर, पुरावा कोणता आणि काय पाहिले नाही, या तीन नोंदी असू द्या. तेथे पोहोचल्यावर ग्रंथालयातून एका तरी खटल्याची मूळ कागदपत्रे, म्हणजे कैफियती आणि खालच्या न्यायालयातील साक्षी, काढून घ्या. सर्वोच्च न्यायालयातील गेल्या अनेक दशकांचे युक्तिवाद ध्वनिमुद्रित आहेत, तेही ऐका. सेमिनारच्या निबंधासाठी विषय मात्र जाण्यापूर्वीच मनात ठेवा, आणि त्यासाठी आपल्या जिल्हा न्यायालयात अॅट्रॉसिटी कायद्याखालील एखाद्या निकाली प्रकरणाची प्रमाणित नक्कल काढून सोबत न्या. ‘जातीच्या कारणावरून’ हा घटक सिद्ध झाला नाही म्हणून आरोपी सुटलेले प्रकरण असेल तर उत्तम.